चवीनुसार औषध

“रोग्याचे वय काय?” मी विचारले.

बाईने दुकानाच्या छताकडे पाहिले. जणू वय तिथे कुणी टांगून ठेवले होते. “ऐंशी पुरी झाली असत्याल बगा. सासरा हाय माझा.”

“जुलाब कधीपासून?”

“कालच्या दुपारधरनं.”

“ताप आहे?”

“म्हाताऱ्या मानसाला ताप तर असनारच की!”

“शौचातून रक्त पडते का?”

तिने क्षणभर माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. कोणत्या उत्तराला अधिक भाव येईल, याची ती मनातल्या मनात तुलना करीत असावी. मग ठामपणे म्हणाली, “पडत आसंल. पडतंयच.”

“मग जुलाब बांधणारी गोळी मी देणार नाही.”

“आं?”

“ताप आणि रक्त असले म्हणजे आत काहीतरी शिरलेले असते आणि शरीर ते बाहेर लोटत असते. चोर घरात असताना दाराला बाहेरून कडी घालू नये. शिवाय वय ऐंशी. त्यांना आजच्या आज वडूजच्या डॉक्टरांकडे न्या. तोवर ह्या साखर-मिठाच्या दोन पुड्या घ्या. एक पुडी एक लिटर पाण्यात. पाणी उकळून गार केलेले. घोटघोट पाजत राहा.”

“आनी पानी?” ती उसळली. “आवो दादा, आधीच सगळं पान्यावानी हुतंय, त्यात आनी पानी वतू?”

पुड्या कनवटीला लावून, माझ्या ज्ञानाविषयी आपले मत चेहऱ्यावर स्पष्ट ठेवून ती निघून गेली.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वद सालच्या मार्गशीर्षातली. खटाव तालुक्यातल्या कण्हेरवाडीत मी औषधांचे पहिले दुकान घातले, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. त्यापूर्वी गावातली औषधे एस. टी. थांब्यावरच्या किराणा दुकानात, चहाची पूड आणि कपडे धुण्याचा सोडा यांच्या मधल्या फळीवर मिळत आणि ती रंगावरून मागितली जात. मी मात्र प्रत्येकाला पाच प्रश्न विचारत असे: औषध कुणासाठी, वय किती, कधीपासून, ताप वा रक्त आहे का आणि आधी काय काय घेतले आहे. ह्या पाच प्रश्नांमुळे माझी गावात जी कीर्ती झाली, ती मला न्हाव्याकडून कळली. “वाळिंबेसायबाकडं गोळी मागाय जावं, तर त्यो पंचनामा करतो.” मला ती निंदा वाटली नाही. मृत्यूनंतर होणाऱ्या पंचनाम्यापेक्षा आधी केलेला केव्हाही स्वस्त, असे माझे मत होते, आणि ते मी न्हाव्यालाही, अर्धी दाढी झालेली असताना, सविस्तर पटवून दिले होते.

तासाभराने तीच बाई पुन्हा पायरीवर उभी.

“आता नातवाला लागल्यात.”

“नातवाला? वय?”

“तीन वर्साचा हाय. लई गोड प्वार. निसतं पडून हाय बगा. म्हाताऱ्याला न्हाई दिली ती न्हाई, बारक्याला तरी द्या.”

“लहान मुलाला ही गोळी मुळीच द्यायची नसते.”

“आरं द्येवा! म्हाताऱ्याला न्हाई, पोराला न्हाई. मग ह्या गोळ्या ठिवल्यात तरी कुनासाठनं? शोभेला?”

“मधल्यांसाठी.”

“मधलं म्हंजी?”

“म्हणजे वयात आलेला, एरवी धडधाकट, ताप नसलेला माणूस. त्यानेही एखाद्या दिवसापुरती, मोजून घ्यायची.” मुलासाठी आणखी दोन पुड्या पुढे करीत मी म्हणालो, “मुलाला घेऊन ताबडतोब वडूजला जा. डोळे खोल गेले आहेत का? लघवी होते आहे का?”

“हुतंय सगळं,” ती घाईने म्हणाली, आणि ‘मधलं, मधलं’ असे पुटपुटत गेली.

साडेअकराच्या सुमारास ती तिसऱ्यांदा आली. या खेपेस तिच्या चालीत विजयाची खात्री होती.

“सून,” तिने जाहीर केले. “पंचवीस वर्साची. मधली.”

“सुनेलाही लागले?”

“लागल्यात म्हंजी! उभं ऱ्हावंना तिला.” आणि मग, रंगात आलेल्या गवयाने एक हरकत जास्तीची घ्यावी तशी ती पुढे म्हणाली, “त्यात पोटुशी. सातवा लागलाय.”

मी काउंटरवरचा हात मागे घेतला. “बाई, तुमचे घर कोणते?”

“का?”

“गरोदर बाईला मी डॉक्टरांवाचून काहीही देणार नाही. घर कोणते?”

“गुरवआळी,” ती बोलून गेली. आणि बोलल्याचा पश्चात्ताप तिच्या तोंडावर पुरता उमटण्याआधीच पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली.

दुकानात मी एकटा उरलो आणि हिशोब मांडू लागलो. एका घरात तीन तासांत तीन आजारी: म्हातारा, मूल, गरोदर स्त्री. याचा अर्थ एकच, पाणी. आणि दुसऱ्या दिवशी हैबतराव फडतऱ्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न होते. बाराशे माणसांच्या पंगती उठायच्या होत्या आणि त्यांचा स्वयंपाक त्याच गावच्या पाण्यावर व्हायचा होता. मी कागद ओढला आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. ‘सदर गावी पटकीच्या साथीची शक्यता नाकारता येत नाही,’ हे त्यातले वाक्य मला विशेष साधल्यासारखे वाटले. पत्र अडीचच्या वडूज गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे ठरवले. परंतु ज्या पत्राने गावातले एक लग्न मोडू शकते, ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून पाठवणे न्यायाला धरून नव्हते. मी दुकानाला कुलूप घातले, पत्र खिशात ठेवले आणि सायकल गुरवआळीकडे वळवली.

आळीच्या तोंडाशी एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. सकाळपासून तीनदा दुकानात गेलेल्या बाईचे घर मी विचारले. तिने बोटाने दाखवले.

“त्या घरातले आजोबा कसे आहेत?”

“कुठलं आजोबा? महिपतीचा बा जाऊन बारा वर्सं झाली.”

“बरे, मग नातू?”

“प्वारच न्हाई त्यास्नी, तर नातू कुठला आनायचा?”

“आणि सून? सातवा महिना लागलेली?”

म्हातारीने शेंगा खाली ठेवल्या आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “सायेब, आज तुमीच काय औशीद घेतलंय का?”

महिपती हे नाव ऐकताच मी थबकलो. महिपती गुरव म्हणजे पंचक्रोशीचा आचारी. बारा गावांत लग्न ठरले की मुहूर्ताच्या आधी महिपती मोकळा आहे का, हे पाहत. त्याच्या आमटीसाठी माणसे भावकीतले वैर पंगतीपुरते बाजूला ठेवीत. आणि उद्याच्या बाराशे पानांचा स्वयंपाक त्याच्याच हातचा होता.

मी दार ढकलले. परसाच्या उंबऱ्याशी एक धिप्पाड माणूस घोंगडीवर कुशीवर पडला होता. त्याने अंथरूण दाराच्या इतके जवळ का घातले आहे, हे विचारण्याची गरज नव्हती. बाई चुलीपाशी उभी होती. मला पाहताच तिने पदर तोंडाला लावला.

“सोना, कोन हाय?”

“त्योच. पंचनामावाला.”

महिपती उठून बसला. “सायेब, बाईला काय बोलू नका. मीच धाडली हुती.”

“माझी काही तक्रार नाही,” मी म्हणालो, “परंतु सकाळपासून ज्यांच्या काळजीने मी अर्धा झालो, त्या तीन रोग्यांपैकी एकही अस्तित्वात नाही, हे मला शेजारणीकडून कळावे?”

“मग काय सांगू?” सोनाबाई पुढे आली. “आचाऱ्याला जुलाब लागल्यात म्हनून सांगू? दुकानात चार मानसं उभी आस्त्यात. चुलीवरनं धूर निगायच्या आत बातमी फडतऱ्याच्या वाड्यावर जाईल.”

“आन उद्या पंगतीला कोन बसंल?” महिपती म्हणाला. “उद्याचं सोडा. ज्या आचाऱ्याचंच प्वाट फुटलं, त्याला ह्या जलमात परत कोन बोलवंल? बावीस वर्सं नाव राखलंय सायेब. एका दिसात जाईल.”

“ते समजले. पण म्हातारा, मूल, गरोदर सून, हे कशासाठी?”

सोनाबाईने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. “मला वाटलं, दुबळं मानूस सांगितलं की तुमी लौकर द्याल. धडधाकट गड्याचं नाव घ्यावं तर म्हनाल, सोस की दोन दीस.”

मला हसू आवरणे कठीण गेले. गोळी ज्यांना देऊ नये, अशा माणसांचे जे तीन वर्ग औषधशास्त्राने मोठ्या कष्टाने ठरवले आहेत, ते ह्या बाईने निव्वळ दयाबुद्धीने एकामागून एक, नेमके, एकही न चुकता हुडकून काढले होते. आणि सासरा, नातू, सून असे जे भरले घर तिने सकाळभरात माझ्या काउंटरवर उभे केले होते, त्यातल्या नातवाविषयी ‘लई गोड प्वार’ म्हणताना तिचा आवाज खोटा नव्हता, हेही मला तिथे, त्या दोनच पाटांच्या घरात, एकाएकी जाणवले. मी तो विषय तिथेच सोडला.

“आता खरे बोला. वय?”

“अठ्ठेचाळीस,” महिपती म्हणाला.

ताप नव्हता; मी थर्मामीटर लावून पाहिला. रक्त नव्हते. परवा लोणंदच्या बारशात उरलेली बासुंदी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली होती, ‘टाकवंना म्हनून.’ काल दुपारपासून त्याने उद्याच्या सामानाला हात लावला आहे का, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तो म्हणाला, “हात कुठनं लावू? मी सगळा वेळ कडब्याच्या गंजीमागं.”

“शेवटचा प्रश्न. आतापर्यंत काय काय घेतलेत?”

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. मग महिपतीने घोंगडीखालून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या. एक हिरवी, एक तांबडी.

“ही हिरवी थांब्यावरच्या दुकानातली. तांबडी मेव्हण्याच्या पिशवीत हुती. हिरवी जरा हलकी, तांबडी भारी. म्या दोन्ही मिळून घेतल्या. एकल्या मसाल्याला चव येत न्हाई, दोन मेळवलं की येती. सकाळी तरीबी थांबंना, म्हनून तिसरी तुमची मागितली.”

मी पट्ट्या उजेडात धरल्या. मोठ्या अक्षरांतली नावे निराळी होती. त्यांखाली मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचे खरे नाव छापले होते, आणि ते दोन्हींवर एकच होते.

“महिपतराव, हे दोन मसाले नव्हेत.”

“म्हंजी, जिरं आन शहाजिरं?”

“नाही. जिरेच. दोन डब्यांत.”

तो पट्ट्यांकडे, फसवणूक झालेल्या जाणकाराच्या नजरेने पाहत राहिला. दोन्हींतल्या चार-चार गोळ्या गेल्या होत्या; म्हणजे एका दिवसाची मर्यादा नुसती गाठली नव्हती, तर दुप्पट झाली होती. तोंड कोरडे पडले होते, पोट ढोलासारखे ताणले होते, डोळ्यांवर झापड होती. “यापुढे एकही गोळी नाही,” मी दोन्ही पट्ट्या खिशात टाकत म्हणालो. “गुंगी वाढली, पोट आणखी फुगले, छातीत धडधडले किंवा चक्कर आली, तर मला बोलवायचेही नाही, जीप करून सरळ वडूजचे रुग्णालय. आणि ज्या पुड्या मी सकाळी दिल्या, त्या?”

“त्या पितोय की.” त्याने तांब्या पुढे केला.

तांब्यातला पदार्थ काकवीसारखा दाट होता. चमचाभर चाखताच माझ्या डोळ्यांत पाणी आले.

“ह्यात किती पुड्या आहेत?”

“चारी,” सोनाबाई म्हणाली. “मी लिटरच केल्यालं. ह्यास्नीच पसंद पडंना.”

“आवो, पातळ लागत हुतं!” महिपतीचा आवाज प्रथमच आचाऱ्याचा झाला. “ना मीठ, ना गोड. कसला सवादच न्हाई. मग म्या पुड्या वाढिवल्या, वरनं चिमूटभर मीठ सोडलं, गुळाचा खडा घातला, जिरं भाजून...”

मी तांब्या उचलला आणि परसात रिकामा केला. “हे चवीनुसार करायचे औषध नव्हे! असे दाट प्याल तर अंगातले पाणी भरून यायचे सोडून उलट ओढले जाईल.”

“सायेब, बावीस वर्सं बाराशे मानसांचं मीठ अंदाजानं टाकतोय. मला एका तांब्याचं मीठ कळंना व्हय?”

“बाराशे माणसांचे मीठ जिभेसाठी असते. हे आतड्यासाठी आहे. आतड्याला जीभ नसते.”

ह्यावर त्याने तोंड उघडले आणि मिटले. वादात मी त्याला गप्प केला, असा मला आनंद झाला. परंतु तो टिकणारा नव्हता, कारण जे खरोखर सांगायचे होते, ते अजून बाकी होते.

“आणि उद्या,” मी म्हणालो, “तुम्ही भांड्याला हात लावायचा नाही. जुलाब पुरते थांबल्यावरही आणखी दोन दिवस नाही.”

महिपतीने परसाच्या दाराकडे पाहिले.

“गोळीनं थांबलंय की आता,” तो हळू म्हणाला.

“दार बंद झाले म्हणजे चोर गेला असे नव्हे.”

“साबनानं धुतो. राखंनं धुतो. सायेब, म्हनाल तर हात दोरीनं बांधून ठिवतो.”

“तेच करा. बांधूनच ठेवा.”

“चेष्टा करू नका! माझ्या पोटावर पाय देताय तुमी!”

मी खिशातले पत्र काढून घोंगडीवर ठेवले आणि त्यात काय लिहिले आहे ते सांगितले. ‘पटकी’ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पांढरा पडला. “हे पत्र अडीचच्या गाडीने जाणार होते,” मी म्हणालो. “ते खोट्या आजाऱ्यांसाठी लिहिले होते, म्हणून जाणार नाही. पण महिपतराव, उद्याच्या पंगतीत ऐंशी वर्षांचे म्हातारे बसतील. तीन वर्षांची मुले बसतील. सातवा महिना लागलेली एखादी सूनही असेल. ती खरी असतील. त्यांना लागले, तर मी गोळी कुणाला देऊ?”

उत्तर दिले ते सोनाबाईने.

“आमटी मी टाकती.”

“तू?” तो खेकसला. “कांदं चिरनं येगळं, फोडनी येगळी.”

“आन मसाला कोन भाजतं? कोन वाटतं? डाळ कितपत शिजलीया ते बोटानं दाबून कोन सांगतं? शेवटाला तुमी पळी फिरीवता आन नाव काढता!”

“बाराशे पानं हायती, सोने. घरची चार मानसं न्हाईत.”

“घरला चार तरी कुठं हायती?” ती म्हणाली.

मी तिला माझे पाचही प्रश्न विचारले. तिने पाचांचीही सरळ, खरी उत्तरे दिली. छताकडे एकदाही पाहिले नाही. तिची प्रकृती ठणठणीत होती. नवऱ्याचा तांब्या-पेला निराळा ठेवायचा, त्याची सेवा करून आले की प्रत्येक वेळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

एवढ्यात अंगणात काठी आपटली आणि त्यामागून आवाज आला. “महिपती! आरं डाळ भिजत घातली का न्हाई?”

हैबतराव फडतरे स्वतः. फेटा, मिशा आणि मुलीच्या बापाची काळजी, तिन्ही भरघोस. त्यांनी घोंगडीवरच्या महिपतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “वाळिंबे, तुमी हितं? काय झालं ह्याला?”

महिपतीने घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. सकाळपासून सत्याचा आग्रह धरून बसलेला मी, पाहता पाहता म्हणालो, “खांद्यात उसण भरली आहे. उजवा हात वर होत नाही. डाळ वेळेवर भिजेल. महिपतराव समोर बसून सगळे करवून घेतील, हात सोनाबाईंचा चालेल.”

ज्या सहजतेने हे असत्य माझ्या मुखातून बाहेर पडले, तिचे मला आजही आश्चर्य वाटते. हैबतरावांनी महिपतीच्या खांद्याकडे संशयाने पाहिले. “आमटीला काय व्हनार न्हाई न्हवं? व्याही लई चोखंदळ हाय. साताऱ्याचा.”

“झाली, तर सवाईच हुईल,” सोनाबाई पदर खोचत म्हणाली.

ते गेल्यावर मी पत्राचे चार तुकडे करून चुलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून मी मांडवामागे पहारा देत उभा होतो. चुलवणापासून पंधरा पावलांवर, लोखंडी खुर्चीत, माझ्या मफलरच्या झोळीत हात अडकवून महिपती बसला होता. शेजारी बरणीत, मी स्वतः मापून केलेले पुडीचे पाणी होते. प्रत्येक घोटाला त्याचे तोंड असे होई, की जणू दुसऱ्या एखाद्या आचाऱ्याने त्याचा अपमान केला आहे. प्रकृती मात्र सावरली होती: गुंगी गेली होती, पोट उतरले होते.

खोट्याची शिक्षा त्याला वेगळ्याच मार्गाने मिळाली. उसण भरल्याची वार्ता मांडवभर पसरली आणि ज्या गावात पोटासाठी औषध मागायची लाज वाटते, त्याच गावात खांद्याला औषध लावायला माणसांची रांग लागली. कुणी निलगिरीचे तेल आणले, कुणी बाम, कुणी म्हशीला लावायचे मलम. त्याला चुलता म्हणणाऱ्या एका पैलवानाने तो निरोगी खांदा असा रगडला, की दहा वाजेपर्यंत तो खरोखरच वर होईना. महिपती माझ्याकडे पाहून दात खात होता. मी मांडवाच्या झालरीकडे पाहत होतो.

अकराच्या सुमारास फोडणीची वेळ आली. तेल तापले. मोहरी तडतडली. त्या आवाजासरशी महिपती, बावीस वर्षांच्या सवयीने, झोळीतला हात सोडवून उठला आणि सात-आठ पावले पुढे गेला. मी आडवा उभा राहिलो. पण मला काही करावे लागले नाही. सोनाबाईने, पळी तेलात तशीच धरून, मान वळवली.

“बसा,” ती म्हणाली.

तो बसला. कढीलिंब, हिंग, वाटलेला मसाला. तांबडा धूर मांडवावरून गेला आणि वऱ्हाडातली बोलणी क्षणभर थांबली.

“मीठ?” खुर्चीतून क्षीण आवाज आला. “सोने, मीठ किती टाकलंस?”

“चवीनुसार.”

बाराशे पाने उठली. साताऱ्याच्या व्याह्याने आमटीची वाटी चार वेळा पुढे केली आणि पाचव्यांदा वाटी न धरता सरळ भातात खड्डा केला. पुढच्या तीन दिवसांत माझ्या दुकानात पोटासाठी दोनच माणसे आली, आणि दोघांनीही, पाचव्या प्रश्नाला, अकरा-अकरा जिलब्या खाल्ल्याचे कबूल केले.

शेवटची पंगत उठली तेव्हा उन्हे कलली होती. तडवळ्याचे दाजीबा घार्गे, नारळ आणि सुपारी घेऊन, खुर्चीपाशी आले. त्यांच्या मुलाचे लग्न माघात होते. महिपतीच्या घराण्याची एक रीत सगळ्यांना ठाऊक होती. सुपारी हातात घेतली म्हणजे काम ठरले असे नाही. ती तिथल्या तिथे दाताखाली फोडून खायची. जो फोडील, पळी त्याची. मग आभाळ कोसळले तरी त्या लग्नाला त्यानेच उभे राहायचे.

“महिपती, आमटी म्हंजी आमटी झाली आज!” दाजीबा म्हणाले. “धर.”

महिपतीने डाव्या हाताने सुपारी घेतली. कालपासून अंगावर चढलेले त्याचे सगळे वय उतरले. बावीस वर्षांचे नाव शाबूत होते. त्याने सुपारी तोंडाशी नेली, आणि मग त्याची नजर माझ्याकडे गेली.

मी मान हलवली. नाही. दोन दिवस मऊ भात आणि ताक. तुरट, कठीण काही नाही, हे मी त्याला सकाळीच बजावले होते.

सुपारी ओठांपाशी थांबली.

“का रं?” दाजीबांच्या कपाळाला आठी पडली. “तडवळ्याचं काम नगं हाय व्हय?”

“तसं न्हाई दाजीबा...”

“मग फोड की. उसन खांद्यात हाय का दातांत?”

हैबतराव जवळ आले. चार माणसे थांबली. खांद्याच्या आजाराने दात का चालत नाहीत, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि, काल एवढे अस्खलित खोटे बोललेल्या माझ्यापाशीही, त्या क्षणी, एक शब्द नव्हता.

सोनाबाई पदराला हात पुसत आली. तिने नवऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या बोटांतून सुपारी काढून घेऊन दाढेखाली धरली. कडकन आवाज झाला.

दाजीबा बघतच राहिले. “म्हंजी? तडवळ्याला आता तू येनार?”

“मीच येनार,” सुपारी या गालातून त्या गालात घेत सोनाबाई म्हणाली. “आन ह्येबी येत्याल की संगं. खुर्ची तेवढी तुमची ठिवा.”